टोपलीचं बूड डुलतंय? उसवायच्या आधी एवढं तपासा

"ताई, ही बी डुलायली बगा."

हे वाक्य माझ्या दारात इतक्यांदा आलंय की आता पिशवीतून टोपली बाहेर निघायच्या आधीच मी सतरंजी गुंडाळून शहाबादी फरशी मोकळी करते. टोपली फरशीवर ठेवायची, काठावर बोट टेकवायचं, की ती टक्-टक् करत इकडून तिकडं झुकते. दोरीचा एकेक वेढा टाकत, लोकरीनं बांधत केलेली वस्तू असते ती. रंग छान, काठ सुबक, आणि त्यामागं कितीतरी दुपारची बसणूक. पण बूड बसत नाही.

मी अंबाजोगाईची. बचत गटातल्या बायकांना दोरी-लोकरीच्या वाट्या, परड्या, टोपल्या शिकवते. माझं पहिलं मोठं काम संक्रांतीच्या वाणाचं होतं, चोवीस वाट्या. त्यातल्या अकरा परत आल्या, तिळगूळ घातला की कलंडायच्या म्हणून. मी सगळ्या उसवल्या, रात्री जागून पुन्हा केल्या, आणि त्यातल्या निम्म्या पुन्हा तशाच झाल्या. कारण न शोधता मी फक्त आणखी जोरानं ओढून बांधत होते, आणि दोष नेमका त्या ओढण्यातच होता. तेव्हापासून हाच एक बिघाड मी पुन्हा पुन्हा दुरुस्त करत आले आहे. उसवणं हा शेवटचा उपाय. त्याआधी बिनपैशाचे आणि थोड्या पैशाचे बरेच उपाय आहेत. ज्या क्रमानं मी तपासते त्याच क्रमानं सांगते.

आधी लक्षण नीट बघा

टोपली रिकामी करून सुलटी ठेवा आणि हलकेच हलवा. "डुलते" या एका शब्दात चार-पाच वेगवेगळी दुखणी लपलेली असतात.

भोवऱ्यासारखी गर्रकन फिरत असेल तर बुडाचा मध्य खाली आलाय. एकतर मध्यात गाठीचा उंचवटा आहे, नाहीतर सगळं बूडच वाटीसारखं खोल झालंय.

फिरत नाही, पण बुडाच्या मध्यावर अंगठा दाबला की टप् करून खाली जातं आणि सोडलं की वर येतं, असं असेल तर बूड उलट्या बशीसारखं झालंय. दुखणं तेच, दिशा उलटी.

समोरासमोरच्या दोन बाजू टेकतात आणि दुसऱ्या दोन उचललेल्या राहतात, उन्हात वाळताना पापड मुडपतो तसं, तर बुडाला लाट आली आहे. नवशिक्या बायका "वाटी झालेलं" आणि "लाट आलेलं" यांत फरक करत नाहीत. पण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत. वाटी झालेल्या बुडाला लाटेचा उपाय केला तर ते आणखी बिघडतं.

काल सपाट होतं आणि आज सकाळी उठून बघते तर वाकडं, किंवा उन्हाळ्यात केलेली टोपली आषाढात बिघडली, हे चौथं लक्षण. आणि बूड ठीक आहे पण टोपली वर एका अंगाला कललेली, मानेत लचक भरल्यासारखी, हे पाचवं.

लक्षण कागदावर लिहून ठेवा. पुढं उपयोगी पडतं.

बिनपैशाच्या तपासण्या

पहिली, फरशी. अनेक घरांतली जमीनच सपाट नसते. सारवलेल्या जमिनीवर, जुन्या शहाबादीवर, पाटावर ठेवून टोपलीला दोष देऊ नका. कपाटाची काच किंवा स्टीलचं मोठं ताट पालथं घालून त्यावर ठेवून बघा. खात्री करायची असेल तर माझ्या आजीची रीत वापरा. आजी डोक्यावर घागर घ्यायची चुंबळ चिंधीदोरीची वळायची. चुंबळ नीट झाली का हे बघायला ती त्यावर तांब्या ठेवायची, अर्धा पाण्यानं भरलेला. पाणी तांब्याच्या काठाला सगळीकडून सारखं लागतंय का, एवढंच बघायची. टोपलीतही तसा तांब्या ठेवा. मग टोपली पाव फेरा फिरवून पुन्हा बघा. पाण्याचा कल टोपलीबरोबर फिरला तर दोष टोपलीत आहे, आणि जागच्या जागी राहिला तर जमिनीत.

दुसरी, तुमची बसायची पद्धत. बूड करताना काम कुठं असतं, मांडीवर की हातात? मांडी गोल असते. मांडीवर केलेलं बूड मांडीचा आकार घेतं, कारण प्रत्येक टाका घालताना बाहेरचा वेढा नकळत खाली झुकलेला असतो. बूड पूर्ण होईपर्यंत काम पोळपाटावर नाहीतर पाटावर सपाट ठेवूनच करायचं. सुई घालायला जेवढं उचलावं लागतं तेवढंच उचलायचं आणि टाका ओढताना पुन्हा टेकवायचं. टोपली हातात घ्यायची ती भिंत उभी करायला लागल्यावर. एवढं एक बदललं आणि पुढची टोपली सरळ आली, असं मी अनेकींच्या बाबतीत पाहिलंय.

तिसरी, मध्यातली सुरुवात. टोपली पालथी करा आणि मध्यावर बोट फिरवा. खडा लागल्यासारखं वाटलं तर ती सुरुवातीची गाठ आहे. दोरीचं टोक तसंच जाड ठेवून, गाठ मारून सुरुवात केली की मध्ये दोन वेढ्यांएवढी उंची तयार होते आणि टोपली त्या एका बिंदूवर फिरते. सुरुवात गाठीनं करायची नसते. दोरीच्या टोकाचे पेड दोनेक इंच सोडवायचे, थोडे थोडे तंतू कातरून टोक उंदराच्या शेपटीसारखं निमुळतं करायचं, त्यावर लोकर गुंडाळायची आणि मग ते वळवून पहिला घट्ट वेढा घ्यायचा. तयार टोपलीत गाठ सापडली तर सगळं उसवायची गरज नसते. गाठ आतल्या बाजूला ढकलता येते का बघा. जमलं तर खालून चार टाके घालून तिथंच अडकवून टाका.

चौथी, वजन. बूड थोडंसंच उचललेलं असेल तर पाण्याचा हलका हबका मारा, पालथं ताट ठेवून त्यावर पाटा किंवा दळणाचा डबा ठेवा आणि पुरतं वाळेपर्यंत, एक रात्र किंवा जास्त, राहू द्या. सकाळी सरळ झालं आणि वजन काढल्यावर दिवसभर सरळच राहिलं तर काम झालं. वजन काढल्यावर तासाभरात पुन्हा उचललं गेलं तर समजा, वेढ्याच्या लांबीतच चूक आहे. ती कितीही दाबली तरी जाणार नाही. इस्त्रीबद्दल एक सांगून ठेवते. पूर्ण सुती टोपलीवर ओलं फडकं घालून गरम इस्त्री चालते. पण बाजारात गड्डीनं मिळणारी रंगीत लोकर बहुतेक ॲक्रिलिकची असते. तिला गरम इस्त्री लागली की ती चपटी, चकचकीत होते, वितळतेही, आणि पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

एक टेप आणि थोडं गणित

इथं जरा थांबून समजून घ्या. सगळ्यात जास्त टोपल्या इथंच सुटतात.

सपाट वर्तुळाचा घेर त्याच्या व्यासाच्या ३.१४ पट असतो, शाळेत शिकलो तेच. व्यास २० सेंटीमीटर असेल तर घेर ६२.८ हवा. दोरीनं तेवढा घेर भरला नाही, म्हणजे दोरी कमी पडली, तर बाहेरचा वेढा आतल्याला आवळतो. मध्याला जायला जागा राहत नाही, म्हणून तो वर किंवा खाली निघतो. तीच ती वाटी. उलट दोरी जास्त झाली तर ती जादा दोरी कुठंतरी मावायला हवी, म्हणून ती वरखाली होते. तीच ती लाट.

शिंप्याचा टेप घ्या. बुडाच्या पृष्ठभागाला चिकटवून, मध्यावरून, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत मोजा. मग पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या. टेप वाकड्या बुडाबरोबर वाकूनच गेला पाहिजे, हवेत ताणलेला नको. हा झाला व्यास. आता एक न ताणणारा दोरा बाहेरच्या वेढ्याच्या बाहेरून फिरवा आणि तो मोजा. हा झाला घेर. व्यास गुणिले ३.१४ करा. घेर त्याहून कमी असेल तर तुम्ही दोरी ओढलीय, जास्त असेल तर ढकललीय.

आता ज्यानं माझे डोळे उघडले ते सांगते. २० सेंटीमीटर व्यासाच्या बुडात सगळे वेढे सारख्याच प्रमाणात आखडले आणि बाहेरचा घेर फक्त १ सेंटीमीटर कमी पडला, तर मध्य जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटर उचलला जातो. एवढ्याशा चुकीनं एवढा फुगवटा! आणि ती १ सेंटीमीटरची तूट एका जागी नसते. लोकर गुंडाळून दोरी ८ मिलिमीटर जाड होत असेल तर प्रत्येक नवा वेढा आधीच्यापेक्षा साधारण ५ सेंटीमीटर लांब हवा (जाडी गुणिले ६.२८). दर वेढ्याला ही वाढ एक मिलिमीटरहूनही कमी चुकली तरी बारा वेढ्यांत ते १ सेंटीमीटर होतं. डोळ्याला हे कधीच दिसणार नाही. म्हणून "माझा हातच बरा नाही" म्हणून खट्टू होऊन बसणाऱ्या बायकांना मी सांगते, बाई, तुमचा हात चांगला आहे, फक्त तो दोरी ओढतोय. दोरी ओढायची नाही, ठेवायची. नवा वेढा जुन्याच्या कुशीत नुसता टेकवायचा, डाव्या अंगठ्यानं धरायचा आणि ताण द्यायचा तो फक्त लोकरीला.

सवय लागेपर्यंत दर चार वेढ्यांनी मोजा. चार वेढ्यांत चुकलेलं चार वेढे उसवून सुटतं, पंधरा वेढ्यांत चुकलेलं मात्र सगळं बूड घेऊन जातं.

आपल्या दोरीची खरी जाडी काढायची रीतही लक्षात ठेवा. लोकर गुंडाळलेले दहा वेढे शेजारी शेजारी दाबून मोजा आणि दहानं भागा. पुडक्यावर लिहिलेली जाडी लोकरीशिवायची असते. दोरी किती लागेल हेही यावरून निघतं. १० सेंटीमीटर त्रिज्येच्या, ८ मिलिमीटर जाडीच्या बुडाला साधारण ४ मीटर दोरी जाते. ६ मिलिमीटरची असेल तर सव्वापाच मीटर. दोरी मध्येच संपली की घाईनं दुसरी जोडली जाते आणि तिथंच पुढचा बिघाड सुरू होतो, म्हणून आधी मोजून घ्या.

टाके आणि लोकर

घेर बरोबर आला आणि तरीही बूड उठतंय, तर टाके बघा. मध्याजवळ टाके जवळ जवळ असतात. बाहेर जाता जाता तेवढेच टाके ठेवले तर ते लांब लांब पडतात. दोन टाक्यांमधली दोरी मोकळी राहते, फुगते, आणि तिथं फट दिसते. टाक्यांमधलं अंतर मध्यापासून काठापर्यंत सारखं हवं. माझ्या हाताला सव्वा सेंटीमीटर बरं पडतं. म्हणजे प्रत्येक वेढ्यात टाके वाढत गेले पाहिजेत. टाक्यांच्या सरळ रेषा सूर्याच्या किरणांसारख्या बाहेर जाताना फार लांब झाल्या की मध्ये एक नवी रेषा सुरू करायची. दिसायलाही छान दिसतं.

"काल सपाट, आज वाकडं" या लक्षणामागं बहुधा लोकर असते. ॲक्रिलिकची लोकर रबरासारखी थोडी ताणते. टाका घालताना तुम्ही ती जोरात खेचता, ती लांबते, गाठ बसते, तेव्हा सगळं सपाट दिसतं. मग रात्रभर ती हळूहळू आखडते आणि प्रत्येक टाका वेढ्याला आत खेचतो. सकाळी वाटी. तपासायला सोपं आहे. हातभर लोकर घ्या, टाक्याला देता तेवढा ताण देऊन खुणा करा, सोडा आणि पुन्हा मोजा. बोटभर आखडली तर लोकर फार ताणली जातेय. टाका बसेपर्यंतच ओढा, करकचून नको. किंवा टाक्यांसाठी न ताणणारा सुती धागा वापरा आणि लोकर नुसती गुंडाळायला ठेवा. मी स्वतः आता असंच करते. चार पदरी सुती धागा थोडा महाग पडतो, पण उसवण्यातला वेळ वाचतो त्यात तो वसूल होतो.

सुईत धागा दोन हातांहून लांब घेऊ नका. लांब धागा प्रत्येक टाक्याला दोरीतून घासत जातो, पिंजतो, शेवटाला बारीक होतो, आणि टाक्यांचा ताण सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरा असा होतो.

पीळ

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. ज्यांनी दोरीचं काम केलंय त्यांना हे ऐकून हसू येत नाही, पटतं. दोरीतला पीळ टोपलीला वाकडं करू शकतो आणि हे कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. लक्षण असं, की बूड सपाट आहे, घेर बरोबर आहे, पण भिंत उभी करत गेलं की टोपली एका अंगाला पीळ मारत वर जाते.

पीळ दोन ठिकाणांहून जास्त होतो. पहिलं, गुंडाळीतून दोरी काढताना. गुंडाळी जमिनीवर ठेवून टोक वर ओढत गेलं की प्रत्येक वेढ्याला दोरीत एक पीळ वाढतो किंवा कमी होतो. पतंगाची चक्री फिरते तशी गुंडाळी फिरवत दोरी सोडली पाहिजे. एका काठीत अडकवून दोन विटांवर ठेवली तरी चालतं. दुसरं, लोकर गुंडाळण्याची दिशा. वीतभर दोरीवर एका दिशेनं दहा वेढे लोकर गुंडाळून बघा आणि बाजूचे पेड बघा. ते उघडायला लागले, दोरी फुगायला लागली, तर तुम्ही पिळाच्या उलट जाताय. दुसऱ्या दिशेनं गुंडाळा. डाव्या हातानं काम करणाऱ्या एका ताईची प्रत्येक टोपली पीळ मारायची. दोष तिच्या हातात काहीच नव्हता. ती उजव्या हातवाल्यांची नक्कल करत होती आणि गुंडाळी तिच्या दोरीच्या पिळाच्या उलट पडत होती.

जास्तीचा पीळ काढायचा सोपा मार्ग म्हणजे माळवदावरून किंवा गच्चीवरून दोरी सरळ खाली सोडा, टोकाला पाण्यानं भरलेली छोटी बाटली बांधा आणि गरगर फिरू द्या. फिरून फिरून थांबली की जादा पीळ गेला.

ओल

याच्या उपायाला काही दिवस जातात, म्हणून यादीत खाली ठेवलंय. पण मराठवाड्यात हे मोठं कारण आहे. मे महिन्यात इथली हवा भाजून काढणारी कोरडी, आणि मृग बरसला की भिंतींना घाम येतो. सुतळी, ताग, अंबाडी, कापूस, सगळे तंतू ओल पितात. ओल प्याला की तंतू जाड होतो, आणि पिळलेली दोरी जाड झाली की लांबीला आखूड होते. जुन्या माणसांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. बाजेचं सुंभ सैल झालं की त्यावर पाणी मारायचे, बाज टणक व्हायची. टोपलीत तेच होतं. वेढा जाड झाला, म्हणून त्याला जास्त घेर हवा, आणि दोरी तर आखूड झालेली. म्हणून उन्हाळ्यात केलेली सपाट टोपली आषाढात वाटी होते. उलट भर पावसात दमट दोरीनं केलेली टोपली उन्हाळ्यात सैल पडते, फटी दिसतात, काठ लाटेत जातो.

उपाय कामाच्या आधीचा आहे. दोरी रात्रभर पाण्यात भिजवा, पिळून न काढता दोन खुंट्यांना हलका ताण देऊन सावलीत वाळवा आणि पूर्ण वाळल्यावरच कामाला घ्या. कापसाच्या दोरीला हे दोनदा करा, ती पहिल्या धुण्यात चांगलीच आखडते. लोकरीची गड्डी धुवायची गरज नाही, तिला ओल फारशी लागत नाही. आणि म्हणूनच दोरी आखडते पण लोकर आखडत नाही, असं दोघींचं फाटतं.

तयार टोपली पावसाळ्यात वाकडी झाली तर घाई करू नका. कोरड्या हवेत, वजनाखाली, चार-पाच दिवस ठेवा. पुष्कळदा आपोआप सरळ होते.

दोरीच वाईट असेल तर

आता खर्चाची गोष्ट. डोळे मिटून दोरी चिमटीतून दोन-तीन मीटर सरकवा. जाड-बारीक, जाड-बारीक लागत असेल तर त्या दोरीचं बूड कधीच नीट बसणार नाही, कारण प्रत्येक वेढ्याची जाडी जागोजागी वेगळी. बारीक जागी आतला वेढा खाली बसतो, जाड जागी वर येतो. अशी दोरी शेण्या बांधायला ठेवा.

चांगली दोरी हाताळून घ्यावी. पोळ्याच्या आधी बाजारात कासरे, दावी येतात तेव्हा, किंवा माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जनावरांच्या साजाच्या दुकानांतून पेड उलगडून बघता येतात. अंबाडीची हातानं वळलेली दोरी मिळाली तर भाग्य समजा. पूर्वी आमच्याकडं ज्वारीच्या कडेनं अंबाडी असायचीच. पाला भाजीला, आणि देठ पाण्यात कुजत घालून, सोलून दोरीला. तिचा पेड घट्ट असतो, पण खरखरीत असल्यानं लोकर पिंजते, म्हणून वळल्यावर कापडानं पुसून घ्यावी. नायलॉनची दोरी सुती दोरीइतकी ओल पीत नाही हे खरं. पण ती गुळगुळीत असल्यानं वेढे एकमेकांवरून सरकतात आणि गुंडाळीचा बाक तिच्यात अडकून बसतो. शिकणाऱ्यांनी घेऊ नये.

जोड हीसुद्धा इथलीच गोष्ट. दोन टोकं गाठ मारून जोडली तर तिथं टेंगूळ आलंच. दोन्ही टोकं तिरपी कातरून, तीन-चार इंच एकमेकांवर ठेवून, दोऱ्यानं गुंडाळून घ्या. जोडाची जाडी चिमटीत बाकीच्या दोरीएवढीच लागली पाहिजे.

भिंत कलत असेल तर एकच बघा. बूड संपून भिंत जिथं सुरू झाली तिथं दोरा बांधून खूण करा. वेढा गोल गोल वर चढतो, त्यामुळं खुणेच्या एका बाजूला भिंत नेहमी एक दोरी उंच असते. शेवट त्याच खुणेवर, दोरी निमुळती करून केला तर काठ सपाट येतो. भलत्याच ठिकाणी संपवला की टोपली कललेली दिसते. ती कललेली नसतेच, काठ उंच-सखल असतो.

उसवणं

एवढं सगळं करूनही नाही जमलं तर उसवा, पण सगळं नाही. पालथ्या बुडावर पट्टी ठेवा आणि मध्याकडून बाहेर सरकवा. पट्टीखाली पहिली फट जिथं दिसते त्याच्या एक वेढा आतपर्यंत उसवायचं, बाकी राहू द्यायचं. लाट असेल तर नवा वेढा किंचित ओढून, वाटी असेल तर सैल ठेवून पुन्हा बांधा. सुरुवातीला लिहून ठेवलेलं लक्षण आता कामाला येतं.

कुठं थांबायचं, कुणाला बोलवायचं

एकच बूड तीनदा उसवलं की थांबा. तोवर दोरीचे तंतू उठलेले असतात, लोकर पिंजलेली असते, आणि चौथ्यांदा तुम्ही फक्त वाईट मालाशी झगडत असता. त्या दोरीची चुंबळ वळा आणि टोपलीला नवी दोरी घ्या.

शिलाई मशीनवर वेढे जोडत असाल तर ते झिगझॅग टाक्याचंच हवं. साध्या पायमशीनवर हे जमत नाही. जाड दोरीला १६ किंवा १८ नंबरची सुई लावा. सुई खालच्या पत्र्यावर आपटत असेल, किंवा नवी सुई, नवा दोरा घालूनही टाके सुटत असतील, तर स्क्रू पिळत बसू नका. मशीन-मिस्त्रीला दाखवा. शटलचा, म्हणजे सुईचा दोरा पकडणाऱ्या खालच्या भागाचा, वेळ हुकला असेल तर तो घरी बसत नाही, आणि आपण आणखी बिघाड करून ठेवतो.

काम करताना अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं बधिर होत असतील, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, तर काम बंद करून डॉक्टरांकडं जा. बाम चोळून, मनगटाला दोरा बांधून चालवू नका. आमच्या गटातल्या एका मावशींनी सहा महिने अंगावर काढलं आणि नंतर त्यांना सुईच धरता येईना.

बुरशीचे काळे डाग कडक उन्हात दोन दिवस ठेवूनही, ब्रशनं झटकूनही परत येत असतील आणि कुबट वास जात नसेल, तर ती टोपली पोळ्या-भाकरीला, फळांना वापरू नका. टाकून द्या.

आणि जिथं वजन टांगलं जाणार आहे, जसं झोपाळा, लेकराचा पाळणा, छताला लटकवायची कुंडी, तिथं लोकरीच्या टाक्यांवर अजिबात भरवसा ठेवू नका, कितीही घट्ट वाटले तरी. हे टाके आकार धरतात, भार नाही. वजनाचा दोर आणि त्याचा जोड पिढ्यान्‌पिढ्या दोर वळणाऱ्यांकडूनच करून घ्या. पेडात पेड गुंफून केलेला त्यांचा जोड मूळ दोराच्या जवळपास ताकदीचा असतो. जाताना लटकणारं वजन, हुकाची जाडी आणि दोर ज्यावरून जाणार ती कडी सोबत न्या. कडी बारीक असली की दोर तिथंच चिरतो, आणि ते बघितल्याशिवाय ते काम घेत नाहीत.